पाणसुरुंग

१९१७ सालच्या जून महिन्याची २३ तारीख. पहिले महायुद्ध चालू होते. ‘मंगोलिया’ नावाची प्रवाशांची मोठी आगबोट मुंबईजवळच्या समुद्रातून चालली होती. शत्रूचे जहाज आसपास कोठेही नव्हते. तोच प्रचंड स्फोट झाला आणि थोड्याच वेळात ती बुडाली. २३ माणसे प्राणास मुकली.

हा घात पाणसुरुंगाने केला होता. ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने साध्या मालवाहू बोटीचे सोंग घेऊन फेब्रुवारीतच तेथे सुरुंग पेरले होते.

असा पाणसुरुंग म्हणजे लोखंडाचा पोकळ गोळा. त्यात स्फोटक दारू असते. परंतु हवाही असल्यामुळे तो तरंगू पाहतो. तळाशी टेकलेल्या जड नांगराला पोलादी दोराने बांधल्यामुळे तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली, दृष्टीआड राहतो. गोळ्यावर शिशाची शिंगे असतात. शिंगात काचेची नळी व नळीत आम्ल. जहाजाचा धक्का लागताच शिंग वाकते, नळी फुटते आणि आम्लामुळे विजेचा प्रवाह सुरू होऊन दारूचा स्फोट होतो. बोट सैनिकांची की लेकुरवाळ्या प्रवाशांची, हे त्या शिंगांना कोठून कळावे!

सुरुंग काढण्यासाठी दोन बोटी आपल्यामध्ये दातेरी तार ओढीत जोडीने चालतात. तारेने दोर कापला गेला, की गोळा वर येतो. मग दुरून गोळ्या झाडून त्याचा नाश करतात. काम मोठे जोखमीचे. कारण किती सुरुंग उरले, हे पेरणाराच जाणतो.

‘मंगोलिया’ बुडाली तेव्हा ‘वोल्फ’ हजारो मैल दूर, न्यूझीलंडच्या बाजूस होते.