फ्रँक स्विफ्ट : गोलजाळ्यापासून वार्ताहर कक्षापर्यंत

- जन्म : २६ डिसेंबर १९१३, ब्लॅकपूल, इंग्लंड.
- स्थान : गोलरक्षक.
- क्लब : मँचेस्टर सिटी, १९३३ ते १९४९. दुसऱ्या महायुद्धामुळे लीग स्पर्धा १९३९ ते १९४६ बंद.
- विजेतेपदे : एफए कप (१९३४), लीग (१९३६-३७). १९३४च्या अंतिम सामन्यात मॅट बस्बी संघसहकारी.
- इंग्लंडकडून : १९ सामने. १९४८मध्ये तुरिन येथे इटलीविरुद्ध कर्णधार. इंग्लंड ४-० विजयी.
- पत्रकारिता : निवृत्तीनंतर ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे फुटबॉल वार्ताहर.
- मृत्यू : ६ फेब्रुवारी १९५८, म्युनिक विमान अपघात. मँचेस्टर युनायटेडच्या बेलग्रेडमधील युरोपियन कप सामन्याहून संघासोबत परतताना. बस्बी तेव्हा युनायटेडचे व्यवस्थापक, ते अपघातातून बचावले.
- अपघातातील मृत : एकूण २३. त्यांत युनायटेडचे ८ खेळाडू, ८ पत्रकार.