थाळी तीच, आभाळातला पत्ता नवा

आमची मावशी सासवडला राहते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तर टीव्हीवर रुमाल टाकलेला. विचारलं, तेव्हा म्हणाली, "दर महिन्याचं रिचार्ज परवडेना रे. काकांची पेन्शन औषधांतच जाते. पण सह्याद्रीच्या बातम्या नाहीत म्हणून ते दिवसभर चिडचिड करतात. गच्चीवरची ती थाळी आता भंगारवाल्याला देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "मावशी, थांब. थाळीला काही झालेलं नाही. तिची फक्त मान वळवायची आहे."

मान वळवायची म्हणजे काय? विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, की तो पृथ्वीच्याच गतीनं फिरतो आणि आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो. ही जागा दळणवळणासाठी वापरता येईल, असं आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये लिहून ठेवलं होतं. आज तिथं उपग्रहांची माळच आहे. महाराष्ट्रातून ती दक्षिणेच्या आभाळात कमानीसारखी पसरलेली असते. ज्या रेखांशाच्या डोक्यावर उपग्रह, तो त्याचा पत्ता. मावशीची थाळी ८३ अंश पूर्वेकडे बघत होती. दूरदर्शनची विनामूल्य सेवा, म्हणजे डीडी फ्री डिश, येते ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ वरून. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. सेट-टॉप बॉक्स एकदा विकत घ्यायचा, पुढं महिन्याचं भाडं नाही.

थाळीला कंपनी कळत नाही, तिला फक्त दिशा कळते. मात्र नुसती मान वळवून पैसे भरायच्या वाहिन्या फुकट दिसतील, असं समजू नका. त्यांना कुलूप असतं, ते बॉक्समधल्या कार्डानं उघडतं. आणि थाळी आपल्याच मालकीची आहे ना, तेही आधी पाहून घ्यावं.

पत्ते बदलणं नवीन नाही. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती ९५ अंशांवरून यायची. २००७ मध्ये इन्सॅट-४बी आभाळात गेला आणि नंतर ती ९३.५ वर आली. जुलै २०१० मध्ये याच इन्सॅट-४बीच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. तेव्हा सन डायरेक्टनं ९१.५ अंशांवरच्या मेझॅट-३ चा आधार घेतला, आणि ग्राहकांच्या घरोघरच्या थाळ्या दोन अंश फिरवाव्या लागल्या.

दोन अंश म्हणजे किती? साठ सेंटिमीटरच्या थाळीची कड एका अंशाला जेमतेम पाच मिलिमीटर सरकते. पण तेवढ्यानं तिची नजर आभाळात सहाशे किलोमीटरहून जास्त पुढं जाते. सगळी गोम इथंच आहे. या कामाला जोर लागत नाही, सबुरी लागते.

आता प्रत्यक्ष काम. आधी खांब ओळंब्यात आहे का ते पाहा. खांब कलता असेल, तर पुढचं सगळं माप चुकतं. पुणे परिसरातून ८३ अंशांचा उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे २७ अंशांवर आणि क्षितिजापासून ६६ अंश उंच असतो. ९३.५ चा असतो दक्षिणेपासून ४८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला, आणि ५९ अंश उंच. म्हणजे थाळी पूर्वेकडे २१ अंश फिरवायची आणि ७ अंश खाली झुकवायची. नागपूरकरांसाठी हेच आकडे दक्षिणेपासून साधारण ३५ आणि उंची ६० असे येतात. आता तुम्ही म्हणाल, पत्त्यात फरक साडेदहाचा, मग फिरवायचं २१ का? कारण उपग्रह आपल्या डोक्याकडे झुकलेले आहेत. वरची वस्तू जरा सरकली, की ती बघायला अंग बरंच वळवावं लागतं.

थाळीचं तोंड बघून मात्र फसू नका. घरगुती थाळी जिकडे तोंड करून दिसते, त्याच्या सुमारे २५ अंश वर बघत असते. त्यामुळं ५९ अंशांवर लावलेली थाळी बरीच उभी दिसते. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील, तर त्यांवर भरवसा ठेवा.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. थाळीसमोर दांडीवर बसवलेला एलएनबी आपल्या जागीच थोडा पिळावा लागतो. ८३ साठी तो पुण्यात २५ अंश पिळलेला असतो, ९३.५ साठी ४५ हवा. आधी ज्या बाजूला पिळलेला आहे, त्याच बाजूला आणखी वीसेक अंश.

मग बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथं दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. पहिलीवर विसंबू नका. बाजारातला स्वस्त सॅट फाइंडरही कुठलाही उपग्रह आला की किंचाळतो, तो कोणता हे सांगत नाही. ९५ आणि ९१.५ अंशांवरचे शेजारी अगदी जवळ आहेत. क्वालिटीची पट्टी वर आली, तरच पत्ता बरोबर. बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात. म्हणून केसभर फिरवायचं, मनात पाच आकडे मोजायचे, मग पुन्हा केसभर. सरसर फिरवलंत, तर उपग्रह येऊन निघून जातो आणि बॉक्सला पत्ताही लागत नाही.

चित्र आलं की पाना खाली ठेवू नका. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली थोडं थोडं हलवून क्वालिटी जिथं सर्वांत जास्त येईल तिथंच नट आवळा, आणि आवळताना पट्टीवर लक्ष ठेवा. थाळी अंशभर चुकलेली असली, तरी कोरड्या दिवशी चित्र दिसतं. पण ऐन पावसात, हवामानाची बातमी हवी असते तेव्हा, तीच थाळी पहिल्यांदा आंधळी होते.

आड काही येतंय का, हे सूर्यच सांगतो. १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, पुण्यात सकाळी अकराच्या सुमाराला, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागं येतो. तेव्हा काही मिनिटं चित्र विस्कटतं, त्यात बिघाड नसतो. त्या वेळी नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली थाळीवर पडत असेल, तर जागा बदला.

आणि एक कळकळीची विनंती. पत्र्यावर, कठड्यावर किंवा विजेच्या तारांजवळ चढू नका. ओल्या गच्चीत आणि वादळात तर नाहीच. थाळी अवघड जागी असेल, तर कारागिराला चार पैसे द्यावेत. काम नीट झालं की नाही हे आता तुम्हाला ओळखता येईल.

सासवडला मला दीड तास लागला. मावशी जिन्यात उभी राहून पट्टीचे आकडे ओरडून सांगत होती. शेवटी ती म्हणाली, "अरे, हलवू नकोस! काका हसले." मी नट आवळले आणि खांबावर ऑइलपेंटनं एक रेघ मारली. उपग्रहांचं आयुष्य ठरलेलं असतं, पत्ता पुन्हा कधी बदलेलच. तेव्हा सुरुवात कुठून करायची, हे ती रेघ सांगेल.