अंगणातली आगगाडी बंद पडलीय? नवी घेऊ नका, आधी रूळ पुसा!
वडाळ्याच्या लोकलला जे तीन आजार होतात, तेच परसातल्या छोट्या गाडीलाही होतात. घरच्या घरी दुरुस्ती कशी करायची, काय टाळायचं, वाचा सविस्तर

वडाळा (मुंबई) : पावसाळ्यात टीव्हीवर एक बातमी हमखास येते. ‘हार्बर मार्ग ठप्प, वडाळा-कुर्ला पट्ट्यात रुळांवर पाणी.’ गावाकडे बसून ही बातमी बघताना वाटतं, एवढी मोठी रेल्वे आणि पाण्यानं अडते? पण खरं सांगायचं तर रेल्वे मोठी असो की अंगणातली खेळण्याची, तिला अडवणाऱ्या गोष्टी त्याच. पाणी, रुळाशी तुटलेला संपर्क आणि लांबवर जाताना कमी पडणारी वीज.

मुंबईच्या चाळीत किंवा दोन खोल्यांत रूळ अंथरायला जागा नसते. त्यामुळे चाकरमान्यांनी हौसेनं घेतलेली आगगाडी बऱ्याचदा गावच्या घरी येते. मे महिन्यात पोरं ती अंगणात मांडतात, जूनमध्ये पाऊस येतो, गाडी तशीच राहते. पुढच्या सुट्टीत बटण दाबलं की गाडी नुसती गुरगुरते. मग घरात एकच निकाल लागतो, ‘खराब झाली, टाकून द्या.’

थांबा. अशा गाड्यांत इंजिनाची मोटार शाबूत असण्याचीच शक्यता जास्त. बिघाड बहुतेक वेळा रुळात आणि जोडणीत असतो. तो काढायला थोडा वेळ लागतो, पैसे फार लागत नाहीत.

आधी गाडी कुठली ते ओळखा

प्लॅस्टिकचे रूळ आणि इंजिनात सेल असतील तर रुळात वीज नसते. अशा गाडीत फक्त सेलची जागा, चाकं आणि मोटार बघायची.

धातूचे रूळ असतील तर वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटारीत जाते. त्यातही दोन मापं जास्त दिसतात. दोन रुळांमधलं अंतर साधारण साडेसोळा मिलिमीटर असेल तर ती घरात चालवायची छोटी गाडी. खऱ्या गाडीपेक्षा ती ८७ पट लहान असते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या गाड्या याच मापाच्या, आणि त्या छपराखालीच धावतात. एवढ्या नाजूक गाडीला ऊन-पाऊस सोसत नाही. ती अंगणात मांडली तरी संध्याकाळी उचलून घरात ठेवावी.

अंतर ४५ मिलिमीटर असेल तर ती खास बागेसाठी बनवलेली गाडी. जर्मनीच्या लेहमान कंपनीनं १९६८ मध्ये या मापाच्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांचे रूळ पितळेचे असतात आणि ते बाहेर कायमचे टाकता येतात. पुढची माहिती मुख्यतः याच गाडीसाठी आहे. रूळ आणि सांध्यांची सफाई मात्र दोन्हींना लागू.

पहिला आजार : पाणी

सुरुवात रुळापासून नाही, रुळाखालच्या जमिनीपासून करायची. नेरळ-माथेरान गाडीचं उदाहरण बघा. १९०७ मध्ये सुरू झालेला हा छोटा मार्ग २६ जुलै २००५ च्या पावसात उखडला. गाडी पुन्हा धावली ती २००७ मध्ये. २०१९ च्या पावसात परत मोठं नुकसान झालं आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. म्हणजे इंजिन कितीही दमदार असू द्या, खालची वाट वाहून गेली की सगळं थांबतं.

अंगणातही तसंच होतं. माती भिजली की रूळ एका बाजूला खचतो आणि वळणावर डबा घसरतो. उपाय असा :

- रुळाच्या वाटेनं सहा इंच खोल, वीतभर रुंद चर खणा. हरळीच्या मुळ्या वेचून काढा, नाहीतर ती महिनाभरात परत वर येते.
- तळाला मुरूम किंवा जाड खडी टाकून धुम्मस करा. वर क्रशरची बारीक कच टाका. वाळू नको, ती पहिल्याच सरीत वाहून जाते.
- पागोळीचं पाणी रुळावर पडणार नाही अशी जागा निवडा. चराला बाहेरच्या बाजूनं पाणी निघून जायला वाट ठेवा.
- रूळ सिमेंटमध्ये पक्के गाडू नका. कचेवर ठेवून बाजूनं कच भरा. मोठ्या रेल्वेतही खडी स्लीपरना जागेवर धरते आणि पाणी खाली जाऊ देते.

सिमेंट का नको, याला आणखी एक कारण आहे. पितळ उन्हानं वाढतं. पहाटे आणि दुपारी रुळाच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर पितळी रूळ साडेपाच ते सहा मिलिमीटरनं लांब होतो. त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर तो वाकडा होतो. म्हणून सांध्यांत केसभर फट राहू द्या.

चढाचंही भान हवं. माथेरानच्या मार्गावर सगळ्यात तीव्र चढ २० ला १ आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. अंगणात एवढी हौस नको. एक मीटरला दोन सेंटिमीटर चढ पुष्कळ झाला. त्यापेक्षा जास्त दिला की चाकं जागच्या जागी फिरतात.

दुसरा आजार : मळलेला रूळ

पितळ उघड्यावर राहिलं की काळं पडतं. हा काळा थर वीज अडवतो. गाडी अडखळत, झटके देत चालत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

वीज बंद करा. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, नवा आणि कोरडा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि रुळाच्या लांबीच्या दिशेनं घासा. मग सुती फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा. स्पिरिट लगेच पेट घेतं. त्यामुळे जवळ विडी-काडी नको, आणि रूळ पूर्ण वाळल्याशिवाय वीज सुरू करू नका.

घरोघरी होणाऱ्या चुकाही ध्यानात ठेवा :

- तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक तुकडे मोटारीतल्या चुंबकाला चिकटतात आणि मोटार जळू शकते.
- जाड पॉलिश पेपर नको. त्यानं ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत मळ अजून घट्ट बसतो.
- चिंच-लिंबू नको. देवाची भांडी त्यानं लख्ख होतात, कारण ती आपण लगेच भरपूर पाण्यानं धुतो. रुळाच्या सांध्यात शिरलेलं आंबट पाणी तिथेच राहतं आणि धातू खातं.
- खोबरेल तेल तर अजिबात नको. तेलावर धूळ बसते, संपर्क तुटतो आणि चाकं घसरतात.

तिसरा आजार : लांबवर कमी पडणारी वीज

गाडी कंट्रोलरजवळ सुसाट धावते आणि तुळशीवृंदावनाच्या मागे गेली की रांगते. ही तक्रार ओळखीची असेल तर वडाळ्याचा इतिहास कामाला येतो.

भारतातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हार्बर मार्गानं कुर्ल्याला गेली. वडाळा याच मार्गावर. तेव्हा वीज होती १५०० व्होल्टची, डीसी. अंगणातल्या बहुतेक गाड्यांनाही डीसीच लागते, फक्त व्होल्ट फार कमी. वायर जितकी लांब तितकी वीज वाटेत खर्ची पडते. म्हणून डीसी मार्गावर थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं बांधून मध्ये मध्ये वीज द्यावी लागते. पुढे मुंबईची लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर नेण्यात आली. हार्बरवरचं हे काम एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झालं. व्होल्ट जास्त असले की तेवढ्याच ताकदीसाठी करंट कमी लागतो आणि वाटेतली गळतीही कमी होते.

अंगणात व्होल्ट वाढवायचे नाहीत, कारण पोरांचे हात तिथे लागतात. उपाय पहिलाच : मध्ये मध्ये वीज द्यायची.

आधी दोष शोधा. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. गाडी रुळावरून उचला, कंट्रोलर पूर्ण सुरू करा आणि बल्ब दोन्ही रुळांना टेकवत पुढे जा. (कंट्रोलरवर १८ ते २४ व्होल्ट लिहिलं असेल तर दोन बल्ब एकामागे एक जोडा.) ज्या सांध्यानंतर उजेड एकदम मंदावतो, तोच सांधा खराब. नुसता मीटर लावला तर फसगत होऊ शकते. खराब सांध्यातूनही मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. बल्ब करंट ओढतो, म्हणून तो खोटं बोलत नाही.

सापडलेला सांधा उघडा, जोडपट्टी आतून साफ करा आणि पक्कडीनं हलकी आवळा. मग सांध्याच्या अलीकडून पलीकडे वायरचा छोटा तुकडा डाग देऊन जोडा. डाग रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, कारण चाकाची कड आतल्या बाजूनं धावते. वायर थोडी सैल ठेवा, म्हणजे रूळ सरकला तरी ती तुटणार नाही. शिवाय दर तीन-चार मीटरला कंट्रोलरपासून स्वतंत्र वायर आणून जोडा. एका रुळाला कायम लाल आणि दुसऱ्याला कायम काळी. रंग चुकला की शॉर्ट झालंच समजा. डाग द्यायला जमत नसेल तर तालुक्याला मोबाईल-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे हत्यारं असतात.

आता इंजिन

इंजिन उलटं करा. चाकांच्या दांड्यात केस, दोरे, कुत्र्या-मांजराची लव गुंडाळलेली असते, ती चिमट्यानं काढा. चाकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. दातेरी चाकांना शिलाई मशीनच्या हलक्या तेलाचा एकच थेंब. रॉकेल-पेट्रोल लावू नका, प्लॅस्टिक खराब होतं. सेलच्या जागी पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर हातमोजे घालून जुन्या टूथब्रशनं ती झाडा आणि पट्ट्या स्पिरिटनं पुसून चमकवा. यापुढे गाडी कपाटात ठेवताना सेल बाहेर काढायचे, एवढं जरी पाळलं तरी गाडी वर्षानुवर्षं टिकते.

इथे हयगय नको : विजेची काळजी

खेळणं आहे म्हणून वीज खेळण्यातली नसते.

- घरातली २३० व्होल्टची वायर कधीही अंगणात रुळापर्यंत नेऊ नका. ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्या जागी. बाहेर जाईल ती फक्त कमी व्होल्टची वायर.
- ज्या प्लगवर ट्रान्सफॉर्मर लावता, त्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा अर्थ लिकेज ब्रेकर असावा.
- लाईट गेली म्हणून ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी थेट रुळांना जोडू नका. व्होल्ट १२ च असले तरी शॉर्ट झाल्यावर अशी बॅटरी शेकडो अँपिअर करंट सोडू शकते. वायर लालबुंद होते, हात भाजतो, आग लागू शकते. गाडी घसरून रुळावर आडवी पडली तरी शॉर्ट होतो, हे विसरू नका.
- ढग गडगडले की खेळ बंद आणि प्लग बाहेर.

दुरुस्ती झाली, आता सजावट

गाडी न अडता दहा फेऱ्या मारू लागली की मगच हौसेकडे वळा. रुळाच्या कडेला चिनी गुलाब लावा, तो बुटका राहतो. ओढ्यावर असतो तसा छोटा पूल, फाटक, गावच्या नावाची पाटी असलेलं स्टेशन, हे सगळं पोरांच्या हातानं होऊ द्या. लाकडी स्लीपर वापरलेत तर वाळवीवर लक्ष ठेवा. आणि कोंबड्या मोकळ्या असतील तर कच रोज उकरली जाणार. रुळाच्या कडेनं जाळी लावणं उत्तम.

दरवर्षी रूळ घासायचा कंटाळा असेल तर आणखी एक सुधारणा आहे. ४५ मिलिमीटरच्या इंजिनात चार्जिंगची बॅटरी आणि रिमोट बसवता येतो. मग रुळात वीजच लागत नाही, रूळ फक्त वाट दाखवतो.

थोडक्यात

आधी पाण्याला वाट, मग रुळाची सफाई, मग सांधे, मग इंजिन आणि शेवटी सजावट. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. वडाळ्यात रूळ मांडायला जागा नाही, गावात अंगण आहे. माळ्यावरचा तो खोका येत्या रविवारी खाली काढा. घरातल्या पोराला स्क्रबर द्या आणि बल्ब कुठे मंदावतो ते त्यालाच शोधू द्या. गाडी तर चालेलच, पण वीज कुठे अडते हे पुस्तकाआधी त्याला अंगणात कळेल.