दीर्घ कथामालिकेतील नावे आणि दुवे: ‘फायनल फँटसी’ आणि काशीची ‘चंद्रकांता’

एखादी काल्पनिक मालिका अनेक भाग चालली की तीच नावे पुन्हा पुन्हा भेटतात. अशा वेळी एक भेद पक्का ठेवावा: नाव वेगळे आणि व्यक्ती वेगळी. गेम डिझाइन असो वा डेटाबेस, दोन्हीकडे हा भेद उपयोगी पडतो.

१. एक नाव, अनेक व्यक्ती

‘फायनल फँटसी’ या जपानी गेम-मालिकेचा पहिला भाग १९८७ मध्ये आला. १९८८ च्या दुसऱ्या भागापासून ‘सिड’ हे नाव सतत दिसते. बहुधा त्याचा संबंध यंत्रांशी किंवा उडत्या जहाजांशी असतो. पण चौथ्या भागातला सिड आणि सातव्या भागातला सिड एक नव्हेत. त्यांची जगेही निराळी आहेत. ‘शिवा’ हे नाव ऐकून वाराणसीत कोणालाही विश्वनाथ आठवेल. गेममध्ये मात्र ती बर्फाची शक्ती असलेली स्त्री आहे. अशी नावे म्हणजे मालिकेची खूण. त्यांवरून कथेचा दुवा सिद्ध होत नाही.

याउलट दहाव्या भागातली युना ‘दहा-दोन’ या भागात येते तेव्हा ती तीच युना असते, मागच्या सगळ्या घटनांसकट. हा खरा दुवा.

२. एक व्यक्ती, अनेक रूपे

आता उलट उदाहरण पाहू. देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले त्यांनी पाहिले आणि पुढे काशीत राहून ‘चंद्रकांता’ (१८८८) ही हिंदी कादंबरी लिहिली. नौगढ, विजयगढ, चुनार ही त्यातली ठिकाणे नकाशावर आजही सापडतात.

पुढच्या ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग आहेत. त्यात चंद्रकांता आणि वीरेंद्रसिंह यांची मुले नायक होतात. तेजसिंह मात्र दोन्हीकडे तोच. तो ऐयार, म्हणजे वेषांतरात तरबेज हेर. ऐयार कोणाचाही चेहरा धारण करतो, म्हणून संशय आला की तोंड धुऊन ओळख पटवावी लागते. भूतनाथ या ऐयाराचे तर मूळ नावच वेगळे, गदाधरसिंह.

३. हिशेब का ठेवायचा?

‘संतति’नंतर खत्रींनी ‘भूतनाथ’मध्ये त्याची पूर्वकथा सुरू केली. ती अपुरी असतानाच १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मुलगा दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पूर्ण केली. पूर्वकथेत पुढचे सारे आधीच छापलेले असते. जो पात्र ‘संतति’त जिवंत आहे, त्याला इथे मारता येत नाही. मूळ लेखकाला विचारण्याची सोय नसली की आधार उरतो तो आधीच्या मजकुराचाच. तुम्ही दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम पुढे नेता तेव्हा तुमचीही हीच स्थिती असते.

म्हणून प्रत्येक पात्राची नोंद करताना चार रकाने ठेवा: स्थिर क्रमांक, सर्व नावे, कोणते जग, आणि आजवर घडलेल्या घटना. नावालाच क्रमांक समजलात, तर दोन सिड एक होतील आणि एका भूतनाथाचे दोन.

स्वाध्याय

१. तुमच्या आवडत्या मालिकेतील पुन्हा येणारी पाच नावे घ्या. त्यांपैकी खूण किती, खरे दुवे किती?
२. भूतनाथ आणि गदाधरसिंह यांची एकच नोंद कशी कराल?