सांधेबदल

ओल्या पायात मोजा चढत नाही, हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली. कोल्हापूरच्या राजाराम तलावात साडेसातशे मीटर पोहून बाहेर आलो तेव्हा डोकं गरगरत होतं. आडव्या पाइपला अडकवलेल्या सायकलीखाली फतकल मारून मी मोज्याशी झोंबत होतो. टाचेशी आला की तो गुंडाळायचा. शेजारचा कॉलेजातला पोरगा आला, त्यानं हेल्मेटचा पट्टा लावला आणि अनवाणीच सायकल ढकलत निघाला. जाताजाता म्हणाला, "काका, राहू द्या मोजे!" काका ऐकतात कुठले! साडेसहा मिनिटं गेली.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ, घड्याळ न थांबवता. मला वाटायचं, तीन गोष्टी वेगवेगळ्या जमल्या की झालं. पण नवख्याची गाडी अडकते ती दोन सांध्यांवर: पाण्यातून सायकलवर जाताना आणि सायकलवरून रस्त्यावर उतरताना. मुरलेली मंडळी त्यांना टी-वन, टी-टू म्हणतात. निकालाच्या कागदावर त्यांच्या वेळा वेगळ्या छापून येतात, त्यामुळे माझ्या मोज्यांची कहाणी कायमची नोंदली गेली आहे.

गरगरण्याचं कारण साधं आहे. पोहताना शरीर आडवं असतं आणि बहुतेक काम हात-खांदे करतात. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. म्हणून काठ जवळ आला की पाय मुद्दाम जोरात मारायचे, म्हणजे त्यांना पुढच्या कामाची वर्दी मिळते. दुसरा सांधा याहून खट. सायकलवर वजन सीट पेलते, कंबर वाकलेली असते आणि मांड्या एकाच चाकोरीत फिरत राहतात. उतरून धावायला लागलं की प्रत्येक पावलाला सगळं वजन त्याच थकलेल्या मांड्यांवर आदळतं. पहिला किलोमीटर पाय आपले नसतातच, कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात. यावरचा सराव म्हणजे 'ब्रिक': सायकल संपवून लगेच धावायचं. दर रविवारी मी सोसायटीच्या फाटकाला सायकल टेकवून तसाच पळत सुटायचो. वॉचमनमामांनी एकदा काळजीनं विचारलं, "साहेब, मागे कोण लागलंय का?"

पोहण्याचा मात्र मला माज होता. आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेला मी! पण विहिरीला चहूबाजूंनी दगड असतात, चार हात मारले की धरायला काहीतरी सापडतं. तलावात काठ लांब आणि तळ गढूळ. तिथे दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे डोळे वर काढून खूण पाहावी लागते. मी ती पाहिली नाही. होडीतल्या माणसानं ओरडून मला पुन्हा मार्गाला लावलं.

पोहणं सुरुवातीला ठेवतात ते याचसाठी. थकलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात नाही. खेळाच्या पहिल्या दिवशी मात्र हे गणित असं नव्हतं. २५ सप्टेंबर १९७४ च्या संध्याकाळी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बेवर जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांनी ४६ जणांना जमवलं आणि आधी धावायला लावलं, पोहणं मागाहून. शेवटचे भिडू पाण्यात असताना अंधार पडला, तेव्हा गाड्यांचे दिवे पाण्यावर टाकावे लागले.

त्या ४६ जणांत नौदलातले जॉन कॉलिन्सही होते. पुढे हवाईत त्यांनी ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन असा घाट घातला. १९७८ च्या त्या पहिल्या 'आयर्नमॅन'ला १५ जण उतरले, १२ पोहोचले. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. त्यापुढे माझे मोजे म्हणजे किरकोळच.

आपल्याकडे मात्र नवखे थेट या 'आयर्नमॅन'कडे बघतात. २०१९ पासून गोव्यात त्याचं निम्मं अंतर, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, पार करता येतं आणि पदकाची भूल मोठी असते. मिलिंद सोमणनं २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची पूर्ण शर्यत केली, तो फोटो दाखवणारे दहा जण मला भेटले. तो तरुणपणी राष्ट्रीय जलतरण विजेता होता, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. माझं मत विचाराल तर सुरुवात ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरच्या स्प्रिंटनंच करावी. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तेव्हाही अंतर त्याच्या दुप्पटच होतं. आणि लाखाची कार्बनची सायकल तर मुळीच घेऊ नये. माझ्या सायकलला मागे कॅरियर होता, त्यावर कुणी गुण कापले नाहीत. नियम कडक आहे तो हेल्मेटचा. पट्टा लावण्याआधी सायकल पाइपवरून काढली की दंड.

सध्या बाल्कनीत सराव चालू आहे. बादलीत पाय बुडवायचे, आधीच पावडर टाकून टाचेपर्यंत गुंडाळून ठेवलेले मोजे एका झटक्यात ओढायचे, बूट, हेल्मेट, पळा. काल एक्कावन्न सेकंद लागले. मोबाइलवर वेळ लावून बायको दारात उभी होती. आकडा सांगायच्या आधी तिनं विचारलं, "अहो, ही फरशी कोण पुसणार?"