मालगाडीची उंची आणि भिवंडीची गोदामे

दिवा–वसई मार्गावरचे, भिवंडीजवळचे खारबाव स्थानक तसे लहान. पण दादरी ते जेएनपीटी बंदर हा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग इथूनच जातो.

त्यावर एकावर एक दोन कंटेनर ठेवलेली गाडी विजेच्या इंजिनाने ओढायची, असे ठरले. मग गाडीची उंची ७.१ मीटर धरावी लागली. विजेची तार त्याहून वर गेली आणि पूल, बोगदेही त्याच हिशेबाने आखावे लागले. धोरणातला एक आकडा असा थेट सिमेंट-लोखंडात उतरतो!

करांचेही तसेच. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, केवळ करासाठी राज्याराज्यांत गोदामे ठेवण्याची गरज सरली आणि भिवंडीसारख्या मोठ्या गोदामकेंद्रांचे महत्त्व वाढले. ट्रक मात्र कोंडीत अडकतातच. रूळ आखताना गोदामापर्यंतचा रस्ताही त्याच नकाशात हवा.