क्लाउडच्या बिलावर नाव कोणाचं?

२०१० मध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर दोन सोयी आल्या. अनेक अकाउंटचं मिळून एकच बिल येऊ लागलं आणि सर्व्हर, डिस्क वगैरेंना टॅग, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, लावता येऊ लागले. पैसे भरणाऱ्याचं काम हलकं झालं. पण या दोन सोयींची एकमेकींशी ओळख नव्हती. सर्व्हरवर टीमचं नाव असायचं, बिलात मात्र त्याचा पत्ता नसायचा. टॅगनुसार खर्च दिसायला २०१२ उजाडलं. तेव्हाही एका वस्तूला दहाच टॅग लावता येत. बॅकअप आणि ऑटोमेशनची साधनंही त्यातलेच वापरत, म्हणजे हिशेबाच्या वाट्याला फार थोडे उरत. २०१६ मध्ये ही मर्यादा पन्नासवर गेली.

मला विचाराल तर खरा बदल २०१७ चा. तोवर सर्व्हर आधी सुरू करायचा आणि टॅग मागाहून लावायचा, अशी रीत होती. मधल्या वेळात स्क्रिप्ट बंद पडली किंवा माणूस दुसऱ्या कामाला लागला, की तो सर्व्हर बेवारस. त्या वर्षीच्या मार्चपासून सर्व्हर आणि त्याची डिस्क तयार होतानाच टॅग लावता येऊ लागले. शिवाय टॅग नसेल तर सर्व्हर सुरूच होऊ नये, असा नियमही घालता येऊ लागला. त्यानंतर आलेल्या कुठल्याही आलेखापेक्षा किंवा डॅशबोर्डपेक्षा मला हा नियम मोलाचा वाटतो. खर्च करणाऱ्याला आपलं नाव खर्चाआधीच लिहावं लागतं, ही मोठी गोष्ट आहे.

अकाउंट वाढली तशी नवी डोकेदुखी आली. टॅगमध्ये इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. एका अकाउंटात टीमचं नाव मोठ्या अक्षराने लिहिलं आणि दुसऱ्यात लहान, की अहवालात एकाच टीमच्या दोन टीम होतात. त्यावर २०१९ मध्ये टॅग पॉलिसी आल्या. त्या चुकीचं लेखन पकडतात, पण मुळात टॅगच लावला नसेल तर तो सर्व्हर त्यांच्या अहवालात येत नाही. अनेकांची इथेच फसगत होते.

बिलासाठी टॅग बिल भरणाऱ्या मुख्य अकाउंटातून वेगळे चालू करावे लागतात, आणि त्याआधीचा खर्च बरीच वर्षं टॅगविनाच राहायचा. २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांपर्यंतचा हिशेब भरून घेता येतो. अर्थात टॅग तेव्हा लावलेला असेल तरच. सपोर्टच्या शुल्कासारख्या काही रकमांना मात्र सर्व्हरसारखा टॅग लावताच येत नाही. म्हणून मोठी विभागणी अकाउंटनुसार करावी आणि आतली बारीक विभागणी टॅगवर सोडावी, हे माझं ठाम मत आहे.

नवं अकाउंट उघडणार असाल, तर टीम, प्रोजेक्ट, जबाबदार व्यक्ती आणि चाचणी की प्रत्यक्ष वापर, एवढे चार टॅग आणि त्यांचं अचूक लेखन आधी ठरवा. पहिला सर्व्हर त्यानंतरच सुरू करा.